कुकरच्या शिट्टीबद्दल: 'निषाद' यांच्या कमेंटला उत्तर

नमस्कार.

"दहा हजारांच्या आत घरच्या रेकॉर्डिंगसाठी कंडेन्सर माईक" या लेखावर 'निषाद' नावाने आलेली कमेंट मी चार दिवस तशीच ठेवली होती, म्हटलं जाऊ दे. पण तिच्याखाली अजून दोघांनी "अगदी बरोबर" लिहिलंय आणि एका मुलाने तर मला मेसेज करून विचारलं की दादा, कालच माईक घेतलाय, आता परत करू का. तेव्हा गप्प बसणं बरोबर नाही असं वाटलं.

कमेंट अशी होती: "लेख वाचून हसू आलं. दहा बाय दहाच्या खोलीत कंडेन्सर म्हणजे शेजारणीच्या कुकरची शिट्टी रेकॉर्ड करायचं मशीन. घरी डायनॅमिकच घ्यायचा हे कोणीही सांगेल. आयुष्यात कधी खरा स्टुडिओ बघितलाय का? इंटरफेस, केबल, स्टँड धरून खर्च दुप्पट होतो ते सांगितलंच नाही. यूएसबी माईकचा उल्लेख नाही. एनटी१-ए चा आकडाही चुकीचा. लिंकमधून कमिशन मिळत असणार."

नवीन वाचणाऱ्यांसाठी एका ओळीत: कंडेन्सर म्हणजे बाहेरून वीज लागणारा नाजूक माईक, डायनॅमिक म्हणजे स्टेजवर हातात धरतात तो वीज न लागणारा, आणि इंटरफेस म्हणजे माईक कॉम्प्युटरला जोडणारा मधला डबा. आता आधी चूक कबूल करतो. रोड कंपनीच्या एनटी१-ए या कंडेन्सरची सेल्फ नॉइज, म्हणजे माईकची स्वतःची सरसर, मी ४.५ डीबी लिहिली होती, ती ५ डीबी आहे. ४.५ हा काळ्या एनटी१ चा आकडा. दोन मॉडेलची नावं सारखी आहेत, माझी गल्लत झाली, त्याच रात्री लेखात दुरुस्त केलं. दाखवून दिलंत त्याबद्दल आभार, आणि हे मनापासून म्हणतोय.

पण "हसू आलं" हे कशासाठी? चूक सांगायची तर सांगा, मी कधी कोणाची चूक काढलेली कमेंट उडवलेली नाही. मराठीत या विषयावर लिहिणारे किती लोक आहेत हो? हिंदीत आणि इंग्रजीत व्हिडिओंचा ढीग आहे, पण तालुक्याच्या गावातल्या कीर्तनकाराच्या मुलाला वडिलांचं कीर्तन रेकॉर्ड करायचं असेल तर त्याला मराठीत वाचायला काय मिळतं? मी नोकरी सांभाळून रात्री बसून लिहितो, त्याच्यावर कोणी येऊन हसून जावं हे मला लागलं, आणि ते मी लपवत नाही.

आता "आयुष्यात कधी खरा स्टुडिओ बघितलाय का". बघितलाय. २००६ ते २००९ अशी तीन वर्षं मी कोल्हापुरातल्या एका स्टुडिओत काम केलंय, केबल गुंडाळण्यापासून चहा आणण्यापर्यंत सगळं. भक्तिगीतं, लोकगीतं, निवडणुकीच्या प्रचाराची गाणी, सगळं तिथे व्हायचं. न्यूमन कंपनीचा यू ८७ हा महागडा कंडेन्सर होता तिथे, सिलिका जेलच्या पुड्यांसकट डब्यात ठेवलेला, आणि पहिलं वर्षभर मला त्याला हात लावायची परवानगी नव्हती. पहिल्या दिवशी सरांनी काय शिकवलं असेल? माईक नाही शिकवला. रेकॉर्डिंगच्या खोलीत उभं करून म्हणाले, टाळी वाजव. वाजवली. टाळी तिथल्या तिथे मेली. मग बाहेरच्या पॅसेजमधे नेलं आणि म्हणाले आता वाजव, तर टाळीच्या मागे तो पत्र्यासारखा झणझण आवाज आला. म्हणाले, माईक कुठलाही लाव, हे जे मागे ऐकू आलं ना तेच रेकॉर्ड होणार. ते वाक्य मी अजून धरून आहे आणि माझा सगळा लेख त्याच्यावरच उभा होता. तुम्ही तो शेवटपर्यंत वाचला असता तर खोलीवरचे चार परिच्छेद तुम्हाला दिसले असते.

आता कुकरची शिट्टी. याच्यावर मी जरा लांब लिहिणार आहे, कारण हा समज नुसता तुमचा नाही, सगळीकडे पसरलाय.

कंडेन्सर "सगळं उचलतो" आणि डायनॅमिक "फक्त समोरचं उचलतो" असं म्हणतात, ते कुठून आलं माहितीये? सेन्सिटिव्हिटीवरून, म्हणजे तेवढ्याच आवाजाला माईक किती जोराचा सिग्नल देतो त्यावरून. ऑडिओ-टेक्निका एटी२०२० या कंडेन्सरची सेन्सिटिव्हिटी मायनस ३७ डीबी आहे आणि शुअर एसएम५८ या डायनॅमिकची मायनस ५४.५. म्हणजे गेनचं, इंटरफेसवर आवाज वाढवायचं, बटण एकाच जागी ठेवून दोन्ही माईक आलटून पालटून लावले तर कंडेन्सरचं मीटर साडेसतरा डीबीने वर उडी मारतं, फॅन ऐकू येतो, शेजारचा टीव्ही ऐकू येतो, आणि माणूस म्हणतो बघा, सगळं उचलतोय. अहो पण तुमचा आवाजही तेवढाच वर गेलाय ना! गेन खाली घ्या, आवाज दोन्हीकडे सारखा करा, मग बघा फॅन किती उरतो. घरातले आवाज तुमच्या आवाजाच्या मानाने किती येणार हे दोन गोष्टींवर ठरतं, तुमचं तोंड माईकपासून किती लांब आहे, आणि माईक कुठल्या दिशेने ऐकतो. हे दोन्ही माईक कार्डिऑइड आहेत, दोघांनाही समोरून जास्त आणि मागून कमी ऐकू येतं.

नुसतं पुस्तकी बोलत नाहीये. रविवारी सकाळी बायकोला सांगून मुद्दाम तूरडाळीचा कुकर लावला. स्वयंपाकघराचं दार उघडं, मी आतल्या खोलीत, एटी२०२० आणि एसएम५८ एकाच स्टँडच्या पट्टीवर शेजारी शेजारी, दोन्ही माझ्या तोंडापासून वीतभर. तीच चार वाक्यं वाचली, नंतर दोन्ही फायलींमधला माझा आवाज एका पातळीवर आणला आणि मग शिट्टी मोजली. फरक दीड डीबी. कंडेन्सरमधे शिट्टी थोडी धारदार वाटते कारण त्याला वरचे सूर जास्त स्पष्ट ऐकू येतात, तेवढंच. मग एसएम५८ दोन बोटांवर आणला, लोक धरतात तसा, अगदी ओठाशी. शिट्टी बारा-चौदा डीबीने खाली गेली! मग पॉप फिल्टर (तोंडाची फुंकर अडवणारी जाळी) लावून कंडेन्सर चार बोटांवर आणला, तर तिथेही आठ-नऊ डीबीने खाली. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज सहा डीबीने वाढतो, शिट्टी आहे तिथेच राहते, साधा हिशोब आहे. डायनॅमिकला जे श्रेय देताय ते खरं म्हणजे त्या दोन बोटांचं आहे.

मग तुम्ही म्हणाल दोन बोटांवरूनच गावं, काय बिघडलं. बिघडतं. एवढ्या जवळून खर्ज फुगतो, आवाज मडक्यातून आल्यासारखा होतो, प-फ-भ आले की धप्प धप्प बसतात, आणि गाणाऱ्याने जरा मान हलवली तरी आवाज वर-खाली होतो. स्टेजवर सवय असलेल्या माणसाला ते जमतं. माझ्या आत्याला जमत नाही.

आत्याचं सांगतो, कारण तो लेख मी तिच्यामुळेच लिहिला. ती ८१ वर्षांची आहे, जात्यावरच्या ओव्या तिला शेकड्याने पाठ आहेत आणि आवाज आता फार बारीक झालाय. पहिल्यांदा माझ्याकडे एसएम५८ च होता, तो लावला. माईक तोंडाजवळ आणला की ती मागे सरकायची, म्हणायची हे काय तोंडात घालतोस. वीतभर लांब ठेवला तर तिच्या आवाजासाठी इंटरफेसचा गेन टोकापर्यंत फिरवावा लागायचा, माझ्या साध्या इंटरफेसला पन्नास-पंचावन्न डीबीच्या वर गेन नव्हता, आणि त्या टोकाला गेलं की मागे पावसासारखी सरसर सुरू. ते रेकॉर्डिंग मी नंतर कितीही साफ केलं तरी ओवीच्या शेवटी तिचा आवाज विरतो ना, तो त्या सरसरीत बुडालेलाच राहिला.

पुढच्या दिवाळीत एटी२०२० घेऊन गेलो. रात्री साडेबाराला, फ्रीजचा प्लग काढला, फॅन बंद, खाटेच्या मच्छरदाणीच्या दांड्यांवर तिच्याच दोन जुन्या गोधड्या टाकल्या, त्या तिच्या पाठीमागे. पाठीमागे हे मुद्दाम सांगतो, कारण लोक माईकच्या मागच्या भिंतीला फोम चिकटवतात आणि माईक बघत असतो गाणाऱ्याच्या मागच्या भिंतीकडे. माईकची पाठ खिडकीकडे. ती मांडी घालून बसली आणि हात तिचा जातं फिरवल्यासारखा आपोआप फिरायला लागला. त्या फायलीत बांगड्या ऐकू येतात, ओवीच्या आधी घेतलेला श्वास ऐकू येतो, "गं बाई" मधला तो "गं" नाकातून कसा येतो ते ऐकू येतं. गेन निम्म्यावर होता. एक कुत्रं भुंकलं तेवढंच, थांबलो आणि परत घेतलं. हे जे मिळालं ते मला दहा हजारांच्या आतल्या माईकने मिळालं, आणि मी काहीतरी ऐकीव लिहितोय असं जेव्हा कोणी म्हणतं तेव्हा मला तीच रात्र आठवते.

माझ्याकडूनही पैसे वाया गेलेत बरं का. सुरुवातीला मी ऑनलाइन एक बिनब्रँडचा बाराशेचा "स्टुडिओ कंडेन्सर" घेतला होता, सोबत सोनेरी शॉकमाउंट, फोम, सगळं, आणि वायर थेट कॉम्प्युटरच्या माईकच्या भोकात. तिथून त्याला जेमतेम दोन-तीन व्होल्ट मिळणार, ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे कंडेन्सरला इंटरफेसकडून केबलमधूनच मिळणारी वीज, कुठून येणार? आवाजापेक्षा खरखर जास्त. म्हणूनच लेखात पहिलीच ओळ होती की ४८ व्होल्ट देणारा इंटरफेस नसेल तर कंडेन्सर घेऊच नका. म्हणजे इंटरफेस लागतो हे मी सांगितलंय, "सांगितलंच नाही" हे तुमचं म्हणणं चुकीचं आहे. एकूण खर्चाचं कोष्टक दिलं नाही हे खरं, पण लेख माईकवर होता, दुकानाच्या बिलावर नाही. आणि डायनॅमिकलाही इंटरफेस, केबल, स्टँड लागतंच की.

यूएसबीवर वेगळं लिहीन, आत्ता नाही. कमिशनचं म्हणाल तर त्या लेखात एकही लिंक नाहीये, परत जाऊन बघा. असं बोलण्याआधी निदान तेवढं तरी तपासायचं होतं.

आणि मी डायनॅमिकच्या विरोधात आहे असं कुठे लिहिलंय? एसएम५८ १९६६ पासून चालतोय, उगाच नाही चालत. टाळ-मृदंगाच्या गजरात, रस्त्याला लागून असलेल्या खोलीत, किंवा रोज माईक हातात घेऊन बोलणाऱ्याला मी तोच सांगतो. कोकणात राहणाऱ्यांना पावसाळ्यात कंडेन्सर उघडा ठेवू नका हेही सांगतो, दमटपणाने तो मधेच चट्चट् करायला लागतो. पण घरी शांतपणे अभंग म्हणणारी, गोष्टी वाचणारी, हळू आवाजाची माणसं असतात, त्यांना "घरी डायनॅमिकच" असं एका ओळीत सांगून टाकणं, आणि वर हसणं, हे मला पटत नाही, पटणार नाही.

ज्यांना त्याहून महागडा एनटी१ घ्यावा का असा प्रश्न पडलाय त्यांनाही हेच सांगतो. एटी२०२० ची सेल्फ नॉइज २० डीबी आहे, आणि माझी खोली रात्री सगळं बंद करून मोबाईलच्या ॲपवर तेहतीस-चौतीस डीबी दाखवते, फॅन लावला की पंचेचाळीस. अशा खोलीत साडेचार डीबीच्या माईकचा फायदा तुम्हाला ऐकू येणारच नाही. आधी गोधड्या टांगा. अंड्यांचे ट्रे नकोत, त्यांच्यात वजनच नसतं, ते आवाज अडवतही नाहीत आणि खालचे सूर शोषतही नाहीत.

त्या मेसेज करणाऱ्या मुलाला: माईक परत करू नकोस. खोलीत टाळी वाजवून बघ आणि मला सांग.

निषाद, कुकरच्या दोन्ही फायली लेखाखाली टाकल्यात, दोन्ही वीतभर अंतराच्या, आवाज सारखा केलेला, नावं नुसती "अ" आणि "ब". हेडफोन लावून ऐका आणि कुठली कुठल्या माईकची ते लिहा. बरोबर आलं तर लेखात तुमचं म्हणणं तुमच्या नावाने वर टाकीन.