गुरुवार दोन, फ्रिज एक

थँक्सगिव्हिंग हा आभार मानण्याचा सण गुरुवारीच येतो, हे अमेरिकेत राहणाऱ्याला माहीत असतं. मार्गशीर्षातले गुरुवार आईला माहीत असतात. २०२५ च्या नोव्हेंबरात ही दोन्ही ज्ञानं न्यू जर्सीतल्या आमच्या घरात समोरासमोर आली आणि मध्ये फ्रिज सापडला.

हिशेब साधा होता. २० तारखेला कार्तिक अमावास्या, २१ ला मार्गशीर्ष सुरू, म्हणून २७ ला पहिला गुरुवार. नोव्हेंबरातला चौथा गुरुवारही २७ लाच. आईने सांगलीहून येताना साडीच्या घडीत कालनिर्णय आणलं होतं, त्यामुळे वादाला जागाच नव्हती. लग्न झाल्यापासून तिने महालक्ष्मीचा एकही गुरुवार चुकवलेला नाही. माझ्या जन्माच्या वेळीही नाही, असं ती सांगते. मी ऑगस्टातला आहे, पण त्या तपशिलात कुणी जात नाही.

दुसऱ्या बाजूला थँक्सगिव्हिंगच्या जेवणातला मुख्य पक्षी, टर्की. ती आम्ही विकत घेतली नव्हती, हे आधी सांगून टाकतो. आमच्या सुपरमार्केटात सणाआधी महिना-दीड महिना ठराविक रकमेचं सामान नेलं की टर्की फुकट मिळते. बायको महिनाभर तिथूनच डाळ-तांदळापासून टिश्यू पेपरपर्यंत सगळं आणत होती. काउंटरवरच्या मुलीने बारा पौंडांचा, म्हणजे साधारण साडेपाच किलोचा, दगडासारखा गोठलेला पक्षी ट्रॉलीत ठेवला. फुकट मिळालेली वस्तू परत करायची, हे आमच्या दोघांच्याही घराण्यात बसत नाही.

गोठलेली टर्की फ्रिजमध्ये वितळायला दर चार-पाच पौंडांना एक अख्खा दिवस घेते. ओट्यावर ठेवून भागत नाही, वरून मऊ होते, जंतू वाढतात आणि आत बर्फ तसाच राहतो. म्हणजे गुरुवारी शिजवायची तर सोमवारीच फ्रिजमध्ये हवी. आणि आईने तर सोमवारीच फ्रिजचा वरचा कप्पा पुसून त्यात नैवेद्याचं दूध, साजूक तूप आणि खोवलेला नारळ ठेवला होता. खालच्या कप्प्यात टर्की आली.

"ते काय आहे?" आईने विचारलं.

"पाहुण्यांचं आहे," बायको म्हणाली.

"पाहुणे कधी येणार?"

"गुरुवारी."

आईने काही न बोलता दूध, तूप, नारळ बाहेर काढले. घरात आवाज न करता राग व्यक्त करण्याची ही पद्धत मला लहानपणापासून ठाऊक आहे. शेवटी गॅरेजमध्ये बिअर आणि सोड्यासाठी एक जुना फ्रिज आहे, तिथे टर्कीची रवानगी झाली. रिकाम्या कप्प्यावरून आईने ओलं फडकं फिरवलं, मग कोरडं, मग पुन्हा ओलं.

आमची लेक सातवीत आहे आणि तिला शाळेत थँक्सगिव्हिंगचा प्रकल्प होता. त्यामुळे आजीला इतिहास शिकवण्याचं काम तिने अंगावर घेतलं. १६२१ साली प्लिमथला इंग्लंडहून आलेल्या लोकांचं पीक हाती आलं, त्यांनी तीन दिवस जेवणावळ केली. वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसासोइट नव्वदेक माणसं घेऊन आला, त्यांनी पाच हरणं मारून आणली. हे सगळं एडवर्ड विन्स्लोच्या पत्रात आहे. मात्र पक्षी मारून आणले एवढंच तो लिहितो, टर्कीचं नाव घेत नाही.

"म्हणजे शास्त्रात टर्की नाहीच की!" आई एकदम ताठ बसली.

लेक म्हणाली, बटाटेही नव्हते आणि ‘पाय’ नावाचा भाजलेला गोड पदार्थही नव्हता, कारण ओव्हन नव्हता. आईला हे फारच पटलं. मग तिने विचारलं, "आणि ज्यांनी हरणं आणली, त्यांचं पुढं काय झालं?" लेकीने सांगितलं. रोगराई, लढाया, गेलेल्या जमिनी, आणि १९७० पासून त्याच प्लिमथला त्याच दिवशी मूळ रहिवासी शोकदिन पाळतात, हेही. आई जरा वेळ गप्प झाली. मग म्हणाली, "जेवायला आलेल्याचं असं करू नये."

पण तिला सगळ्यात आवडली ती तारखेची भानगड. लिंकनने १८६३ मध्ये नोव्हेंबरातला शेवटचा गुरुवार ठरवला. १९३९ साली त्या महिन्यात पाच गुरुवार आले, शेवटचा ३० तारखेला. नाताळच्या खरेदीला दिवस कमी पडतात अशी व्यापाऱ्यांची ओरड होती, म्हणून रूझवेल्टने सण आठवडाभर अलीकडे ओढला. काही राज्यांनी नवी तारीख धरली, काहींनी जुनीच. १९४१ मध्ये कायदा करून चौथा गुरुवार पक्का झाला तेव्हा कुठे गोंधळ मिटला.

"म्हणजे स्मार्त आणि भागवत," आई म्हणाली आणि तिचा अमेरिकेविषयीचा आदर दिसेल इतका वाढला.

बुधवारी घटाची तयारी. कलशात घालायला पाच झाडांच्या डहाळ्या लागतात. सांगलीत गल्लीतून एक चक्कर मारली की आंबा, पेरू, अशोक, सगळं मिळतं. न्यू जर्सीत नोव्हेंबरअखेर झाडांचे नुसते खराटे उरतात. इंडियन स्टोअरमध्ये आंब्याची पानं मिळाली, विड्याची पानंही मिळाली. तुळस आमच्या खिडकीत होती, पण ती आई घटात घालू देईना. उरलेल्या तीन डहाळ्यांसाठी बायकोने सुपरमार्केटातून एक पाकीट आणलं. टवटवीत, सुवासिक, हिरव्यागार काड्या. सेज, रोझमेरी, थाइम. आईने वास घेतला, खूश झाली, काड्या धुऊन कलशात खोचल्या. हळदीकुंकवाची बोटं ओढलेला तांब्या, त्यावर नारळ आणि नारळाभोवती रोझमेरीची झालर, अशी देवी मी तरी पहिल्यांदाच पाहिली. छान दिसत होती.

मग आईने चष्मा लावून रिकामं पाकीट वाचलं. आई इंग्रजी फारसं बोलत नाही, पण वाचते. आणि सांगली-मिरजेकडच्या माणसाला ‘पोल्ट्री’ या शब्दाचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. तीन वनस्पतींची ती जुडी इथे टर्कीच्या पोटात भरायला म्हणून विकतात आणि पाकिटावर तसं ठळक छापलेलंही असतं.

स्वयंपाकघरात जी शांतता पसरली तीत गॅरेजमधल्या फ्रिजची घरघर ऐकू येत होती. लेकीने परिस्थिती सावरली. "आजी, ही पानं अजून कुठल्या पक्ष्याला लागलेली नाहीत." आईने यावर विचार केला. "झाडाला काय ठाऊक आपण कुठं जाणार," असं म्हणून तिने निकाल दिला, पाकीट चुरगाळून कचऱ्यात टाकलं आणि वर दोन केळ्यांच्या साली टाकल्या.

राहता राहिला ओव्हन. आईच्या घट मांडलेल्या घरात टर्की भाजली जाणार नाही, हे आता न बोलता ठरलं होतं. तोडगा शेजाऱ्यांकडून आला. आमच्या जेवणाला येणारं जोडपं शेजारचंच आणि नवरा अग्निशमन दलातून निवृत्त झालेला. तो म्हणाला, द्या इकडे, मी तळतो. टर्की तळणे हा इथला घराबाहेरचा पुरुषी प्रकार आहे. घरापासून लांब, मोकळ्या जागी गॅसची शेगडी, तिच्यावर हंडा, त्यात तेल. पक्षी पूर्ण वितळलेला आणि आतून-बाहेरून कोरडा करकरीत हवा. बर्फ राहिला तर त्याची वाफ होऊन तेल उसळतं, शेगडीवर सांडतं आणि भडका उडतो. त्याने नोकरीत असे भडके पुष्कळ विझवले होते म्हणे. आता स्वतः तळताना बाजूला अग्निशामक नळकांडं, हातात कोपरापर्यंत मोजे आणि चेहऱ्यावर शस्त्रक्रियेचं गांभीर्य.

आई खिडकीतून बघत होती. पक्ष्याकडे तिचं लक्षच नव्हतं.

"ते तेल कसलं?"

"शेंगदाण्याचं."

"किती आहे?"

"तीन गॅलन. अकरा लिटर असेल."

"एका पाखराला अकरा लिटर?" आईने खिडकीचा कठडा धरला. "आमचं घर सहा महिने चालतं यात." नंतर दिवसभर ती ज्याला त्याला हेच सांगत होती. उपास, अपवित्रता, सगळं मागे पडलं, तेल तेवढं राहिलं.

आणखी एक काळजी मला आठवडाभर छळत होती. इथे हे जेवण रात्री नसतं, तिसऱ्या प्रहरी चार-साडेचारला बसतात. आईचा उपास दिवे लागल्यावर, आरती आणि नैवेद्य झाल्यावर सुटणार. म्हणजे एकतर पाहुणे ताटकळणार, नाहीतर आई कोपऱ्यात बसून लोकांना जेवताना पाहणार. पण नोव्हेंबरअखेरीला न्यू जर्सीत सूर्य साडेचारलाच मावळतो. जो अंधार बघून मी दर वर्षी खचतो, त्या अंधाराने आमची लाज राखली. आईने खिडकीबाहेर बघितलं, घड्याळ बघितलं, पुन्हा बाहेर बघितलं. "देवी इथं लवकर सोडते," म्हणाली आणि निरांजन लावलं.

टर्की मागच्या काचेच्या खोलीत, वेगळ्या टेबलावर. देवी पुढच्या खोलीत. मधल्या टेबलावर पुरणपोळी, वरण-भात, बटरनट स्क्वॉश या इथल्या भोपळ्याचे घारगे आणि क्रॅनबेरीचं लोणचं. हे लोणचं बायकोचं. क्रॅनबेरी चिरून, मीठ लावून, वर मोहरीची डाळ, तिखट आणि हिंगाची फोडणी. इथे एरवी क्रॅनबेरीचा डब्यातला गोड सॉस थेट डब्याच्या आकारात, अंगावरच्या वळ्यांसकट ताटात उभा राहतो. तो खाऊन वाढलेल्या शेजाऱ्याने लोणचं चाखलं, डोळे पुसले आणि पुन्हा वाढून घेतलं.

त्याआधी प्रार्थना झाली. तो धार्मिक माणूस आहे, हात धरायला लावून त्याने अन्नाबद्दल, घराबद्दल, आमच्याबद्दल आणि आईच्या प्रवासाबद्दल देवाचे आभार मानले. बराच वेळ. डोळे मिटलेली आई मला हळूच म्हणाली, "पोळ्या गार होतायत." त्यानंतर आईने कहाणी वाचली आणि तीही आखडती घेतली नाही. लेक जमेल तसं इंग्रजीत सांगत होती. गर्विष्ठ राणी, म्हातारीच्या रूपात आलेली लक्ष्मी, गेलेलं राज्य, आणि वडिलांच्या घरून फक्त मीठ घेऊन आलेली श्यामबाला. नवऱ्याने विचारलं काय आणलंस, तर म्हणाली राज्याचं सार, आणि त्याला अळणी जेवण वाढून दाखवलं.

मीठ म्हटल्यावर शेजारी पुढे सरसावला. टर्की रात्रभर मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली नाही तर ती कापसासारखी लागते, त्या राजकन्येला स्वयंपाकातलं कळत होतं, असं त्याचं मत पडलं. लेकीने भाषांतर केलं. आई म्हणाली, "त्याला सांग, श्यामबाला शाकाहारी होती." याला आधार काय, हे विचारण्याची माझी हिंमत झाली नाही.

मग एकेकाने आपण कशाबद्दल आभारी आहोत ते सांगायचं. बायको कुटुंबाबद्दल, लेक शाळेला सुट्टी असल्याबद्दल. मी गॅरेजमधल्या फ्रिजबद्दल आभार मानले, ते विनोद म्हणून घेतले गेले. आईची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "दिवसभर पोटात काही नाही, आधी जेवू द्या." शेजारीणबाईंना हे सर्वांत जास्त आवडलं.

जाताना आईने त्यांना हळदकुंकू लावलं, ओटीत फळ घातलं आणि शेवटच्या गुरुवारी उद्यापन आहे, यायचंच, असं मराठीत बजावलं. बाईंनी विचारलं, शेवटचा म्हणजे? लेकीने सांगितलं की हे गुरुवार यंदा एकूण चार आहेत. नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. दर आठवड्याला? दर आठवड्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ड्राइव्हवेत ओणवा होऊन फडक्यातून तेल गाळत होता. आई शाल गुंडाळून शेजारी उभी होती आणि फडकं कसं धरायचं ते दाखवत होती.

"टाकू नको म्हटलं त्याला," ती मला म्हणाली. "अजून तीन गुरुवार आहेत."