आयपॉडचा पर्याय नापास करण्याची रीत

अॅपलच्या आयपॉड या गाणी ऐकायच्या यंत्राचे शेवटचे मॉडेल मे २०२२ मध्ये बंद झाले. म्हणून काय झाले? ‘आयपॉड तो आयपॉडच’ हे तुमचे मत शाबूत राहिले पाहिजे. एखाद्या मित्राने सॅनडिस्कचा जुना सॅन्सा क्लिप प्लस हा चिमुकला म्युझिक प्लेयर हातावर ठेवलाच, तर नाही म्हणू नका. ‘वापरून बघतो’ म्हणा. निकाल आधी ठरला असला की चाचणी फार सोपी जाते.

पहिल्यांदा सुरू केल्यावर तो प्रदेश विचारतो. बेलाशक ‘युरोप’ निवडा. तिकडच्या नियमापायी आवाजाला वेसण बसते, मग आयपॉडशेजारी ठेवून ‘ह्यात दमच नाही’ म्हणायला तुम्ही मोकळे. (मोठा वाजणारा कानाला उगाच सरस वाटतो, म्हणून जाणकार आधी दोघांचा आवाज सारखा करून घेतात. तुम्ही या भानगडीत पडू नका.) ‘रेस्ट ऑफ वर्ल्ड’ या पर्यायाकडे तर बघूसुद्धा नका.

आता मेमरी कार्ड. ६४ जीबीचे आणा आणि पाकिटातून काढून तसेच खुपसा. असली कार्डे कारखान्यातून एक्सफॅट या फाइलमांडणीत (फॉरमॅटमध्ये) येतात आणि क्लिपला फक्त फॅट३२ ही जुनी मांडणी कळते, त्यामुळे कार्ड दिसणारच नाही. ‘स्लॉट खराब आहे’ असे जाहीर करा. विंडोजची फॉरमॅटची नेहमीची खिडकी ३२ जीबीच्या वर फॅट३२ देत आलेली नाही, त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागत आले आहे, हे कोणी सांगू लागला तर विषय बदला.

खरी मजा टॅगमध्ये आहे. गाण्यांची यादी फाइलच्या नावावरून नव्हे, आतल्या टॅगवरून (फाइलीतच नोंदलेल्या गायक-अल्बमच्या नावांवरून) लागते. तेव्हा एका फाइलीत ‘पं. भीमसेन जोशी’, दुसरीत ‘भीमसेन जोशी’, तिसरीत ‘जोशी भीमसेन’ राहू द्या. यंत्र इमानदारीने तीन गायक दाखवेल. टॅगच नसलेली गाणी ‘अननोन’मध्ये जातात, आणि तुमची निम्मी नाट्यगीते तिथेच सापडतील. टॅग देवनागरीत असतील तर सोन्याहून पिवळे: पडद्यावर वरची पिवळी पट्टी, खाली निळी अक्षरे, आणि त्या निळ्यात नुसते चौकोन. रोमन लिपीत टॅग लिहून काम भागते, पण मग मराठी बाणा कुठे राहिला?

अॅपलच्या आयट्यून्समधली एएसी प्रकारच्या फाइलींतली गाणीही जरूर टाका. मूळ सॉफ्टवेअरला ती वाजवता येत नाहीत. रॉकबॉक्स हे पर्यायी सॉफ्टवेअर यंत्रात घातले तर वाजतात, फक्त २००९ च्या आधी विकत घेतलेली कुलूपबंद (कॉपी-संरक्षण असलेली) एम४पी गाणी तिथेही मुकीच राहतात. दोष अर्थातच क्लिपचा.

रॉकबॉक्स बसवायचेच झाले तर यूएसबी मोड (संगणकाशी जोडण्याची पद्धत) एमटीपीवरच ठेवा. एमएससी हा दुसरा मोड केलात तर इन्स्टॉलरला यंत्र ड्राइव्ह म्हणून सापडेल आणि पाच मिनिटांत काम फत्ते होईल, ते आपल्याला नको आहे. फाइली जात असतानाच केबल उपटणे हाही हुकमी उपाय. फाइलींचा तक्ता बिघडतो आणि निम्मा अल्बम गायब होतो.

रेडिओ मात्र इयरफोन काढून तपासा. इयरफोनची वायर हाच त्याचा अँटेना, त्यामुळे खरखरीशिवाय काही ऐकू येणार नाही.

एवढे करूनही तो वाजतच राहिला, तर शर्टाच्या खिशाला अडकवा आणि शर्ट धुवायला टाका. वजन जेमतेम २४ ग्रॅम, कोणाच्या लक्षातही येणार नाही.