ग्रुप फोटोत राहून गेलेला माणूस खरंच दोन मिनिटांत घालता येतो?

सध्या एक मेसेज फिरतो आहे, सोबत छोटासा व्हिडिओ. थोडक्यात मजकूर असा: ग्रुप फोटोत राहून गेलेल्या माणसाला आत घालायला स्टुडिओवाल्याला पैसे कशाला देता? ॲपने माणूस कापा, ग्रुप फोटोत चिकटवा, ओढून मापात बसवा, कड दिसली तर ब्लर करा, दोन्हींवर एकच फिल्टर मारा, पायाखाली सावली टाका आणि सेव्ह करा. दोन मिनिटांचं काम, कोणाला पत्ता लागणार नाही.

मोबाइलच्या पडद्यावर अंगठ्याएवढा दिसणारा फोटो असेल तर यातलं बरंच चालून जातं, हे आधीच मान्य करतो. पण असे फोटो बहुतेकदा 12 बाय 18 इंचांत छापून दिवाणखान्यात लावायचे असतात. तिथे मेसेजमधली जवळजवळ प्रत्येक पायरी उघडी पडते. कापून चिकटवल्यावर एका फोटोतले पिक्सेल दुसऱ्यात जातात, बाकी काही जात नाही. तिथला प्रकाश, कॅमेऱ्याचं अंतर, मागच्या भिंतीचा रंग हे सगळं त्या पिक्सेलमध्ये मुरलेलं असतं आणि नव्या जागी परकं दिसतं.

“ॲपने कापलं की कड अचूक येते”

शर्टाचा खांदा, टोपी, पँट अशा ठसठशीत कडा आजची ॲप खरोखर छान कापतात. अडचण केसांची, आरपार दिसणाऱ्या ओढणीची आणि चष्म्याची. केसाच्या टोकाशी असलेला पिक्सेल निव्वळ केसाचा नसतो. त्यात थोडा केस आणि थोडी मागची पार्श्वभूमी मिसळलेली असते. ॲप त्या पिक्सेलची पारदर्शकता ठरवतं, पण मिसळलेला रंग बऱ्याचदा तसाच राहतो. म्हणून हिरवळीवर काढलेला माणूस क्रीम रंगाच्या भिंतीपुढे ठेवला की डोक्याभोवती हिरवट कडं दिसतं. चष्म्याच्या काचेत जुनीच भिंत उरते, ओढणीतून जुनीच झाडं डोकावतात, कमरेवर हात असेल तर कोपराच्या आतला तुकडा कापायचा राहून जातो.

फोटोशॉपमध्ये करायचं ते असं. मागचा भाग खोडून माणूस वेगळा करू नका, त्याच्या लेयरला (फोटोवर ठेवलेल्या वेगळ्या थराला) मास्क लावा, म्हणजे नको तो भाग न पुसता फक्त झाका. खोडलेलं परत येत नाही, मास्क केव्हाही सुधारता येतो. कपड्यांच्या कडेला मास्क साधारण एक पिक्सेल आत घ्या. केसांसाठी ‘सिलेक्ट अँड मास्क’मध्ये रिफाइन एज ब्रश फिरवा आणि ‘डीकंटॅमिनेट कलर्स’वर खूण करा. तरी रंग उरला तर वर नवा लेयर घ्या, तो खालच्या लेयरला क्लिप करा (म्हणजे परिणाम फक्त त्याच लेयरवर होतो), ब्लेंड मोड, म्हणजे खालच्यात मिसळण्याची पद्धत, ‘कलर’ ठेवा आणि केसांच्या आतल्या भागातून रंग उचलून कडेवर मऊ ब्रशने फिरवा. काळे केस उजळ भिंतीपुढे असतील आणि नवी भिंतही उजळच असेल तर आणखी सोपा मार्ग आहे: केसांच्या कडेच्या पट्ट्याची वेगळी प्रत घ्या, लेव्हल्सने (उजेड-काळोख बदलणाऱ्या साधनाने) जुनी भिंत पांढरी करा आणि त्या लेयरचा मोड ‘मल्टिप्लाय’ करा. पांढरं नाहीसं होतं, बटा जशाच्या तशा राहतात.

“कड दिसली तर ब्लर करा”

इथेच बहुतेक फोटो बिघडतात. कड किती मऊ असावी हे शेजारच्या माणसाच्या कडेवरून ठरतं. ग्रुप फोटो शंभर टक्के झूमवर पाहा. शेजाऱ्याच्या खांद्याची कड दीड-दोन पिक्सेलांत बदलत असेल तर तुमचीही तेवढ्यातच बदलली पाहिजे. पाच पिक्सेलांचं फेदर दिलं, म्हणजे कड तेवढी मऊ केली, की माणसाभोवती धुकं दिसतं आणि मिसळलेला जुना रंग जास्तच पसरतो. ब्लरमुळे परका रंग जात नाही.

“लहान असेल तर ओढून मोठा करा, डीपीआय 300 करा”

व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने आलेल्या फोटोची मोठी बाजू साधारण 1600 पिक्सेलांची असते. तोही जर ग्रुप फोटोच असेल तर त्यातला एक चेहरा जेमतेम 70-80 पिक्सेल उंच भरतो. 12 मेगापिक्सेलच्या फोनने काढलेला ग्रुप फोटो 4000 बाय 3000 चा, त्यातले चेहरे समजा 200 पिक्सेलांचे. म्हणजे पाहुण्याला, चिकटवायच्या माणसाला, जवळजवळ तिप्पट ताणायचं. ताणल्याने तपशील येत नाही. संगणक मधले पिक्सेल अंदाजाने भरतो, मेणासारखा गुळगुळीत चेहरा त्यातूनच येतो.

300 डीपीआयचा, म्हणजे दर इंचाला 300 ठिपक्यांचा, मंत्र तर अगदीच फसवा. ‘रीसॅम्पल’ची (पिक्सेलांची संख्या बदलण्याची) खूण काढून तो आकडा बदलला तर एकही पिक्सेल वाढत नाही, फक्त छापताना कागदावरचं माप बदलतं. 1200 बाय 1800 चा फोटो 300 ने 4 बाय 6 इंच छापला जातो. तोच 12 बाय 18 इंचांत ओढला तर दर इंचाला 100 पिक्सेल उरतात, आकडा काहीही लिहा.

एआयने चेहरा स्पष्ट करून देणारी ॲप या कामात आम्ही टाळतोच. ती दात आणि पापण्या मनाने घडवतात. निसर्गदृश्यात चालेल, पण घरातल्या माणसाचा चेहरा घरच्यांना पाठ असतो. ‘हे आमचे काका वाटत नाहीत’ हे ते लगेच सांगतात, का ते मात्र सांगता येत नाही.

उलटी अडचणही येते. मोठ्या क्लोजअपमधला 900 पिक्सेलांचा चेहरा 200 पर्यंत लहान केला की तो शेजाऱ्यांपेक्षा जास्त रेखीव दिसतो आणि म्हणूनच परका वाटतो. त्याला 0.5 ते 1 पिक्सेल गॉसियन ब्लर द्या आणि नंतर ग्रुप फोटोच्या दाण्याशी जुळेल इतका थोडा नॉइज (बारीक ठिपके) घाला. आधी ब्लर, मग नॉइज. उलट केलं तर दाणाच पुसला जातो.

“ओढून मापात बसवा”

मेसेजमध्ये हे तीन शब्द आहेत, आमच्या मते सगळं घोडं इथेच अडतं.

राहून गेलेल्या माणसाचा हाताशी असलेला फोटो बहुधा सेल्फी असतो. हातभर अंतरावर, म्हणजे 60 सेंटिमीटरवर, कॅमेरा असतो. नाकाच्या टोकापासून कानापर्यंतचं अंतर 12 सेंटिमीटर धरा. नाक 60 वर, कान 72 वर, म्हणजे कानाच्या तुलनेत नाक 20 टक्के मोठं उमटतं. ग्रुप फोटो 12 फुटांवरून, म्हणजे सुमारे 360 सेंटिमीटरवरून काढलेला असतो, तिथे हाच फरक तीन टक्क्यांच्या आसपास. सेल्फीतला चेहरा लहान केला तरी नाक-कानाचं हे प्रमाण बदलत नाही. म्हणून दहा जणांत तो एकटाच फुगीर दिसतो. लिक्विफायने (चेहरा ओढून आकार बदलणाऱ्या साधनाने) ओढाताण करण्यापेक्षा त्याच माणसाचा दुरून काढलेला दुसरा फोटो मागवा. लग्नाच्या अल्बममध्ये असा एखादा सापडतोच.

दुसरी कसोटी कॅमेऱ्याच्या उंचीची. सपाट जमिनीवर, कॅमेरा सरळ धरून छातीच्या उंचीवरून फोटो काढला असेल तर क्षितिजाची रेषा सारख्या उंचीच्या प्रत्येक उभ्या माणसाला छातीशीच छेदते, तो जवळ असो की लांब. नवा माणूसही त्याच रेषेवर बसला पाहिजे. त्याचा फोटो खाली बसून काढलेला असेल तर हनुवटीचा खालचा भाग दिसतो. ते माप बदलून सुधारत नाही.

जागा निवडण्यात अर्धं काम वाचतं. माणूस पुढे मधोमध घालायचा हट्ट सोडा. त्याला मागच्या रांगेत, दोघांच्या खांद्यांमागे उभा करा. पाय लागत नाहीत, जमिनीवरची सावली लागत नाही, एका बाजूची कड पुढच्या माणसाच्या खांद्याआड जाते. माप मात्र त्याच रांगेतल्या माणसाच्या चेहऱ्यावरून घ्या.

“दोन्हींवर एकच फिल्टर मारा”

एक फोटो हिरवट ट्यूबलाइटखालचा, दुसरा संध्याकाळच्या उन्हातला. दोन्हींवर एकच फिल्टर मारला की दोन्ही सारखेच सरकतात आणि मधला फरक जवळपास आहे तेवढाच राहतो. दुरुस्ती फक्त चिकटवलेल्या लेयरवर हवी. त्याच्यावर कर्व्ह्ज लेयर (उजेड आणि रंग बदलणारा) क्लिप करा आणि क्रम पाळा. आधी काळं: इन्फो पॅनलमध्ये शेजाऱ्याचे केस 28, 24, 22 (लाल, हिरवा, निळा) दाखवत असतील आणि पाहुण्याचे 6, 6, 8, तर तळ उचलावा लागेल. मग पांढरं: ते सदऱ्यावरून ठरवा, दातांवरून नव्हे. त्वचा शेवटी. डोळ्यांवर विसंबू नका. वर तात्पुरता कृष्णधवल लेयर ठेवला की उजेडातला फरक दिसतो. तो बंद करून सॅच्युरेशन कमाल केलं की रंगाची झाक बाहेर येते. हे दोन्ही तपासणीचे लेयर नंतर काढून टाका. नाहीतर तसाच फोटो छपाईला जातो.

“पायाखाली ड्रॉप शॅडो टाका”

ड्रॉप शॅडो म्हणजे त्याच आकाराची काळी प्रत बाजूला सरकवलेली. भिंतीवर चिकटवलेल्या कागदाची सावली अशी पडते, उभ्या माणसाची नाही. उभ्या माणसाची सावली तळव्यापासून सुरू होते. बुटाखाली बारीक गडद रेघ, तिच्याभोवती मऊ काळोखी आणि मग प्रकाशाच्या उलट दिशेला लांबणारी, लांब जाता जाता फिकी होणारी सावली. शेजाऱ्यांच्या सावल्या ज्या कोनात पडल्या आहेत तोच कोन घ्या. माणसामाणसांमधली सावली तर हमखास विसरली जाते. त्याचा खांदा जिथे शेजाऱ्याला टेकतो तिथे मल्टिप्लाय लेयरवर 20-30 टक्क्यांनी हलका काळोख दिला की दोघं एका जागी उभे वाटतात.

प्रकाश उजवीकडून हवा आणि फोटोत डावीकडून आला, तर आडवा फ्लिप करा असंही सांगितलं जातं. कधी चालतं. पण पदर उजव्या खांद्यावर जातो, शर्टाचा खिसा बाजू बदलतो, भांग आणि गालावरचा तीळही. परक्याला कळणार नाही, बायकोला पहिल्या नजरेत कळतं.

“कोणाला पत्ता लागणार नाही”

2003 मध्ये इराक युद्धाच्या वेळी लॉस एंजेलिस टाइम्सचे छायाचित्रकार ब्रायन वॉल्स्की यांनी बसराजवळ काढलेल्या दोन फोटोंचा एक केला. कॅमेरा तोच, जागा तीच, ऊन तेच, दोन्हींत अंतर काही क्षणांचं. म्हणजे वर सांगितलेल्या जवळपास सगळ्या अडचणी मुळातच नव्हत्या. तरी पकडले गेले, कारण मागच्या गर्दीतली काही माणसं दोनदा दिसत होती. त्यांची नोकरी गेली. तपासायला कुठलंही सॉफ्टवेअर लागलं नाही, निरखून पाहणारे डोळे पुरले.

याच्या उलट ‘अमुक साइटवर टाका, चिकटवलेला भाग चमकतो’ हा दावाही तितकाच कच्चा. जेपीईजी 8 बाय 8 पिक्सेलांच्या ठोकळ्यांत माहिती दाबतं. दोन फोटो वेगवेगळे दाबले गेलेले असतील तर तो फरक कधीकधी पकडता येतो. पण तिथे अस्सल फोटोतल्या ठळक कडाही चमकतात, आणि व्हॉट्सॲपवर दोन-तीनदा फिरलेल्या फोटोत खरा फरकही बराचसा पुसला जातो.

“सेव्ह करा, झालं”

जेपीईजीत पारदर्शकता राहत नाही. कापलेला माणूस तसा सेव्ह केला की मागे सहसा पांढरा चौकोन येतो. मधल्या टप्प्यासाठी पीएनजी वापरा. मूळ काम लेयरसकट पीएसडीत ठेवा, फोटोशॉपऐवजी गिम्प वापरत असाल तर एक्ससीएफमध्ये. गिम्पच्या 2.10 आवृत्तीत चिकटवलेला भाग ‘फ्लोटिंग सिलेक्शन’ म्हणून लटकत राहतो. तिथे नवा लेयर केला नाही आणि तो अँकर झाला, तर थेट खालच्या फोटोत मिसळतो. 3.0 मध्ये तो आपोआप नव्या लेयरवर येतो. छपाईची जेपीईजी प्रत शेवटी एकदाच, उच्च दर्जावर काढा. ती स्टुडिओला व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.