‘यू वॉन्ट इट डार्कर’ हा मरणोत्तर अल्बम नव्हे

कॅनडाचे कवी-गायक लेनर्ड कोहेन यांचा वार्धक्य आणि मृत्यूला सामोरा जाणारा ‘यू वॉन्ट इट डार्कर’ हा अल्बम त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला, असा मजकूर फिरत आहे. तो चुकीचा आहे. अल्बम २१ ऑक्टोबर २०१६ रोजी आला आणि ८२ वर्षांच्या कोहेन यांचे ७ नोव्हेंबरला, म्हणजे १७ दिवसांनी, निधन झाले. पाठीचे दुखणे असह्य झालेले असताना लॉस एंजेलिसच्या घरीच खुर्चीत बसून, मुलगा अ‍ॅडम याच्या मदतीने त्यांनी ही गाणी ध्वनिमुद्रित केली. इतक्या कष्टाने स्वतः पूर्णत्वास नेलेले काम मागाहून जुळवलेले ठरवणे मला अन्यायाचे वाटते. अ‍ॅडमने मागाहून पूर्ण केलेला मरणोत्तर अल्बम ‘थँक्स फॉर द डान्स’ हा असून तो नोव्हेंबर २०१९ मध्ये आला.