चार यूची पेटी

टेबलाखाली जागा नाही. म्हणून गेमिंग कॉम्प्युटर नेहमीच्या टॉवरऐवजी रॅकमाउंट केसमध्ये, म्हणजे रॅकच्या चौकटीत आडव्या बसणाऱ्या पत्र्याच्या पेटीत, बांधायचा आणि टीव्हीशेजारच्या छोट्या रॅकमध्ये सरकवायचा, एवढा साधा बेत होता. केस आली. खोकं एका बाजूने फाटलं होतं आणि त्यातून दणकट हँडल डोकावत होतं. वॉचमनने ते पाहिलं आणि वहीत लिहिलं : 'डीजे सामान, 603.'

त्याचंही चुकलं म्हणता येत नाही. मिरवणुकीतला अ‍ॅम्प्लिफायर काय आणि सर्व्हर काय, दोघांच्या चौकटीचं माप एकच. रुंदी 19 इंच, उंची 'यू'मध्ये. एक यू म्हणजे पावणेदोन इंच. माझी केस 4यू, म्हणजे सात इंच. पण आमच्याकडे गणपतीत डीजे लावायचा की नाही यावरून ए विंग आणि बी विंग यांच्यातला तिळगूळसुद्धा बंद झाला आहे. दहाव्या मिनिटाला 503चे काका खाली हजर. कमिटी मेंबर, टेलिफोन खात्यातून निवृत्त, बर्म्युडाच्या खिशात मेजरिंग टेप.

"उघड."

"काका, कॉम्प्युटरचा डबा आहे. रिकामा."

"रिकामा आहे तर उघडायला काय जातंय?"

पार्किंगमध्ये, दोन स्कूटरींच्या मधे, मी थर्माकोल उपसला. काकांनी टेप लावली. एकदा लावली, चष्मा पुसून पुन्हा लावली.

"एकोणीस इंच. हा आमचा रॅक आहे."

"तुमचा म्हणजे?"

"खात्याचा. एक्स्चेंजमध्ये असल्या चौकटींच्या रांगाच्या रांगा होत्या. पावती दाखव."

मी मोबाइलवर पावती दाखवली. ती त्यांनी दोन बोटांनी ताणून मोठी केली आणि जीएसटी नंबर एकेक आकडा उच्चारत वाचला. मग थांबले. "रिकाम्या पत्र्यावर 18 टक्के?" त्या संध्याकाळी आमचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

पुढे व्याख्यान. हे माप अमेरिकेतल्या टेलिफोनवाल्यांनी शंभर वर्षांपूर्वी रूढ केलं, रिले म्हणजे विजेवर चालणारे स्विच बसवायला. आजही इंचभर हललेलं नाही. "तुमच्या पिढीने त्यात काय भर घातली?" तेवढ्यात त्यांना माझ्या पिशवीतल्या रॅमच्या खोक्यावरचं इंद्रधनुष्य दिसलं. "हे काय?"

"रॅम. लाइटवाली."

"झाकण कसलं आहे?"

"लोखंडी."

"मग आत दिवाळी कोणासाठी?"

बिनलाइटची रॅम दुकानात शिल्लक नव्हती, हे खरं उत्तर होतं. ते ऐकून घ्यायला काका मोकळे नव्हते, कारण त्यांना आता केसच्या बाजूची, सरकत्या पट्ट्या बसवायची भोकं दिसली होती. "रेल्स कुठायत?"

"वेगळ्या विकतात."

काकांनी वॉचमनला हाक मारली. "ऐकलं का? कपाट विकलं, खण वेगळे!" भाजी घेऊन येणाऱ्या दोन काकू थांबल्या. त्यांनाही ऐकवलं. लिफ्टमध्ये मी पेटी कवेत धरून उभा, आणि सोबतच्या अनोळखी माणसाने विचारलं, "रेल्स राहिल्या ना तुमच्या?"

राग काकांचा नाहीच. ते म्हणाले ते बरोबरच होतं, हेच डाचतं. रेल्स वेगळ्या. रॅकच्या चौकोनी भोकांत बसवायचे केज नट वेगळे; ते बसवताना नखाखालची कातडी सोलवटते, आणि स्क्रू ड्रायव्हर निसटला की नट जो उडतो तो थेट सोफ्याखाली. प्रोसेसर थंड ठेवणारे चांगले टॉवर कूलर 160 मिलिमीटरच्या आसपास उंच; बोर्डावर बसवले की सात इंचांत मावत नाहीत, म्हणून इथे बाद. बुटका कूलर शोधा. आणि ग्राफिक्स कार्ड! हजारो रुपये मोजून घेतलेल्या या विटेची पॉवर केबल घुसते डोक्यावरून. कनेक्टरपासून साधारण 35 मिलिमीटरपर्यंत केबल वाकवू नका, असा सल्ला. 2022 साली असले कनेक्टर वितळल्याच्या बातम्या वाचल्यापासून तो सल्ला मी मनावर घेतलाय. पण सात इंचांत मदरबोर्ड उचलून धरणारे खुंटीसारखे स्टँडऑफ, त्यावर कार्ड, त्यावर सरळ उभी केबल, आणि वर झाकण? ज्यांनी कार्ड काढलं त्यांनी रॅक पाहिला नाही, ज्यांनी केस काढली त्यांनी कार्ड पाहिलं नाही. दोघांनीही पैसे मात्र नीट मोजून घेतले. शेवटी काटकोनात वळणारा अडॅप्टर घेतला. तोही वेगळाच.

झाकण बसलं एकदाचं. मशीन सुरू केलं आणि मागचे 80 मिलिमीटरचे पंखे असे किंचाळले की रात्री अकराला बेल वाजली. दारात काका, हातात मोबाइल, त्यात आवाज मोजायचं अ‍ॅप. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री 45 डेसिबल, हे त्यांना पाठ. मोबाइल केसशेजारी धरून ते बराच वेळ श्वास रोखून उभे राहिले.

"त्रेचाळीस," ते म्हणाले. चेहरा पडला होता. "बसतंय नियमात. मे महिन्यात पंखे जोरात फिरतील ना, तेव्हा येतो परत."