चाव्या विद्यापीठाकडेच हव्यात
‘समाजमाध्यमं एजन्सीकडे दिली की विद्यापीठाचं काम हलकं होतं’ हे लेखातलं विधान पटलं नाही. पोस्टर, रील खुशाल बाहेरून करून घ्या, पण खात्याची मालकी देऊ नका. सुरुवातीला एजन्सीचाच मोबाईल नंबर आणि ईमेल टाकून खातं उघडलं जातं. करार संपला की ओटीपी तिकडेच जातो आणि पेज अडकतं. म्हणून ईमेल विद्यापीठाच्या डोमेनचा आणि पदाच्या नावाचा हवा, दोन कायम कर्मचारी ॲडमिन हवेत आणि एजन्सीला फक्त पार्टनर ॲक्सेस, म्हणजे मालकी न देता काम करण्यापुरती परवानगी. यूट्यूबचं चॅनल ब्रँड अकाउंटवर (अनेकांना मिळून सांभाळता येणाऱ्या खात्यावर) असेल तर नवा मालक जोडल्यावर त्याला प्रायमरी ओनर, म्हणजे मुख्य मालक, करायला सात दिवस थांबावं लागतं, त्यामुळे हस्तांतर करार संपण्याआधीच उरका.

आणि खरी कसोटी जुलैत! पावसानं ठाण्याच्या पुढे लोकल बंद पडली की ‘पेपर पुढे ढकलला’ अशी बनावट परिपत्रकं व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. कल्याण-पनवेलहून निघालेल्या पोरांना उत्तर त्याच क्षणी हवं असतं, आणि ते परीक्षा विभागाला विचारून देणारा माणूस आतलाच लागतो. आधी संकेतस्थळावर पीडीएफ, मग त्याच्या लिंकसह पोस्ट. परिपत्रक क्रमांक आणि तारीख नुसती चित्रात नको, मजकुरातही टाका, म्हणजे शोधल्यावर सापडेल.