तलावाकाठी फरशी की चिखल?

सोलापूरकरांच्या गप्पांत दोन वाद फिरून फिरून येतात. पहिला असा की आपल्याकडं फोटो काढण्यासारखं आहेच काय बे, फोटो काढावेत ते तिकडं लंडनच्या बागांत. दुसरा तलावांच्या सुशोभीकरणाचा: काठाला फरशी घालून, दिवे लावून चकाचक करावं की राहू द्यावं आहे तसं. लंडनमध्ये बसून हे ऐकताना एक गोष्ट सारखी टोचते. दुसऱ्या वादात जे ठरेल, त्यावरच पहिल्याचं उत्तर अवलंबून आहे.

आधी उजेडाचं बोलू, कारण लंडनच्या फोटोंची निम्मी जादू तीच असते. डिसेंबरात लंडनला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर असतो. ढग नसतील तर दिवसभर तिरपा, मऊ उजेड मिळतो. पण ढग नसतील तर! बहुतेक दिवस आभाळ राखाडी, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद) ३२०० वर नेला तरी झाडाखाली शटर १/६० सेकंदाच्या पुढं, म्हणजे त्याहून वेगानं, सरकत नाही. सोलापुरात त्याच दिवशी दुपारचा सूर्य ४९ अंशांवर असतो आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात तर थेट डोक्यावर. आपल्याकडं सूर्य उगवल्यावर पाऊण तासात १० अंश वर चढतो. म्हणून जानेवारीत सात ते साडेआठ हीच वेळ धरावी, मेमध्ये सव्वासातलाच कॅमेरा पिशवीत टाकावा. त्यानंतर तापलेल्या जमिनीवरून हवा लहरते आणि तीस-चाळीस मीटरवरचा पक्षी पाण्यात बुडवून काढल्यासारखा दिसतो. लोक लेन्सला दोष देतात, दुरुस्तीला टाकतात. दोष हवेचा असतो आणि त्यावर जवळ जाणं किंवा लवकर जाणं एवढेच उपाय आहेत.

आता चिखल. तुतवार, शेकाट्या, धोबी या पक्ष्यांना खायला लागतो तो उतरता काठ, चार बोटं पाणी आणि खाली मऊ गाळ. काठ उभ्या भिंतीनं बांधला की पाणी एकदम खोल होतं. शेकाट्याचे पाय लांब असले तरी पोहून पोट भरणारा पक्षी नव्हे तो. फोटोचंही तेच. दोन मीटर उंच कठड्यावरून खाली कॅमेरा रोखला की नुसती पाठ दिसते आणि मागं तरंगणाऱ्या पिशव्या. उतरत्या काठावर बसून लेन्स पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला आणली की मागचं पाणी धूसर होऊन पक्षी सुटा उठून दिसतो. फरशीनं पक्षी जातो आणि फोटोही जातो.

यावर हमखास उत्तर येतं: चिखल म्हणजे वास, डास, घाण. वास येतो तो गाळात मिसळणाऱ्या सांडपाण्याचा. संभाजी तलाव झाकून टाकणारी जलपर्णीही त्यावरच पोसते. नाला तसाच सोडून काठाला फरशी घालणं म्हणजे न विसळलेल्या तांब्याला बाहेरून चिंच लावणं.

लंडनमध्ये काय करतात? तिथल्या रिचमंड पार्कचा पसारा ९५५ हेक्टर. तिथं पडलेले ओक उचलत नाहीत, कुजू देतात, कारण कुजक्या लाकडात भुंगेऱ्यांच्या अळ्या वाढतात. गवताचे मोठे पट्टे कापत नाहीत. सहाशेच्या वर हरणं मोकळी फिरतात, त्यांच्यापासून ५० मीटर लांब राहायचा नियम आहे आणि खायला घालायला बंदी. नियम सगळे पाळतात असं मुळीच नाही. ऑक्टोबरात नर झुंजायला लागले की तिथंही कॅमेरेवाल्यांचं कोंडाळं होतं. पण ५० मीटर अंतर फोटोच्या आड येत नाही. क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरच्या साध्या कॅमेऱ्यावर ३०० मिमीची लेन्स त्या अंतरावर पावणेचार मीटर रुंदीचं दृश्य पकडते, हरणाला ते पुरतं.

आपला वंचक बगळा मात्र लहान, त्याच्यासाठी दहा मीटरवर यावं लागतं. पाठलाग केला तर तो उडणारच. काठावर पंधरा-वीस मिनिटं गप्प बसलं की तोच चालत जवळ येतो. ट्रायपॉड नको. जुन्या चादरीच्या तुकड्याची पिशवी शिवायची, पाऊण किलो ज्वारी भरायची, पाव भाग रिकामा ठेवायचा म्हणजे लेन्स तिच्यात रुतून बसते. ज्वारी आधी प्लास्टिकच्या पिशवीत बांधावी, नाहीतर एका पावसात मोड येतात. शटर १/१००० सेकंदापेक्षा हळू नको. गडद पाण्यावरच्या पांढऱ्या बगळ्याला एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) उणे १ ठेवावं, नाहीतर पिसं जळून नुसता पांढरा डाग उरतो. उजळ पाण्यावरच्या पाणकावळ्याला उलट, अधिक ०.७.

ज्याच्याकडं फक्त मोबाइल आहे त्यानं रुई शोधावी. बागेच्या कुंपणाशी, पडीक कोपऱ्यात ती असतेच. पानाच्या खालच्या बाजूला प्लेन टायगर फुलपाखराचं एखादं पांढुरकं अंडं दिसेल, मग काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, पिवळ्या ठिपक्यांची अळी. मोठी अळी आधी पानाची शीर कुरतडते, चीक गळू देते आणि मग त्याच पानाचा पुढचा भाग खाते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत तीन-चार आठवडे लागतात, म्हणजे एकाच झाडाशी दर दोन दिवसांनी गेलं तरी पुरे. वारा असला तर देठाला बोटानं आधार द्यावा, पण चीक डोळ्याला लागू देऊ नये, इजा होते. अडचण एवढीच की स्वच्छता मोहीम निघाली की पहिली कुऱ्हाड रुईवरच पडते आणि तिथं लॉन येतं. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात लॉन! लंडनची नक्कल करायचीच तर न कापलेल्या गवताची करा, त्याला टँकर लागत नाही.

फरशी पाहिजेच असेल तर रस्त्याच्या अंगाला घाला, लोकांना फिरायलाही ती बाजू सोयीची. पाणी उतरतं त्या अंगाला शंभर पावलांचा काठ उघडा सोडा आणि तिकडं दिवे लावू नका. गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत सिद्धेश्वर तलावाच्या काठी गर्दी आणि रोषणाई असणारच, ती असावीच. त्या दिवसांत ज्वारीची पिशवी घेऊन तुळजापूर रस्त्यानं हिप्परग्याच्या तलावावर जावं.